भीमेच्या काठावरून ‘छावा’: पिक्चर एकच, प्रेक्षक दोन

एपिसोड ऐकायला ज्यांना जमलं नाही, त्यांच्यासाठी आजची गोष्ट लेखी. विषय तुमच्या ओळखीचा आहे, ‘छावा’. पण आज आपण रिव्ह्यू करणार नाही. हा पिक्चर पाहून माणसं दोन बाजूंना का गेली, आणि शिरूर-दौंडच्या माणसाने त्यात काय पाहावं, ते बोलूया.

१४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ आला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर बेतलेला. विकी कौशल संभाजीराजे, रश्मिका मंदाना येसूबाई, अक्षय खन्ना औरंगजेब. पिक्चर संपल्यावर ढसाढसा रडणारी पोरं, उभं राहून घोषणा देणारी माणसं, हे सगळे व्हिडिओ तुम्ही पाहिलेत. गुजरातमध्ये भरूचला तर छळाचा प्रसंग बघून एकाने थेट पडदाच फाडला.

दुसऱ्या बाजूला नाराजी. ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून वाद झाला. उतेकर राज ठाकरेंना भेटले आणि तो प्रसंग काढून टाकला. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला की आमच्या पूर्वजांना फितूर दाखवलंय. उतेकरांनी माफी मागितली आणि पिक्चरमध्ये आडनाव घेतलेलं नाही, असंही सांगितलं. सोयराबाईंच्या चित्रणावरही इतिहास अभ्यासकांनी बोट ठेवलं.

आता नकाशा काढा. फेब्रुवारी १६८९ च्या सुरुवातीला संगमेश्वरला मुकर्रबखानाने महाराजांना आणि कवी कलशांना पकडलं. तिथून त्यांना औरंगजेबाच्या छावणीत, बहादूरगडावर आणलं. हा बहादूरगड म्हणजे पेडगाव. श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की आपला दौंड तालुका. पुढे त्यांना भीमेच्या वरच्या अंगाला नेलं आणि ११ मार्च १६८९ ला त्यांची हत्या झाली. तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणीचा संगम आहे. जवळच वढू बुद्रुकला समाधी आहे, ते गाव शिरूर तालुक्यात. म्हणजे महाराजांचा शेवटचा महिना आपल्याच नदीच्या काठाने गेला. इतरांसाठी जो क्लायमॅक्स आहे, तो आपल्यासाठी रोजच्या रस्त्यावरचा पत्ता आहे.

आता मुख्य प्रश्न. पकडून दिलं कुणी?

इथे ही गोष्ट लढाईची राहत नाही, घरातली होते. गणोजी शिर्के येसूबाईंचे भाऊ. शिवाय शिवाजी महाराजांची मुलगी राजकुंवर त्यांना दिलेली. म्हणजे दोन्हीकडून सोयरे. पण दाभोळच्या वतनाचा प्रश्न लोंबकळत राहिला. स्वराज्यात वतनं वाटायची नाहीत, हे थोरल्या महाराजांचं धोरण होतं. १६८८ मध्ये शिर्क्यांनी कवी कलशांवर चाल केली, कलश खेळण्याला म्हणजे विशाळगडाला गेले आणि संभाजीराजांनी येऊन शिर्क्यांचा मोड केला. ही नोंद जेधे शकावलीत आहे. औरंगजेबाच्या दरबारी इतिहासातही आहे की शिर्क्यांशी भांडण झाल्यामुळे संभाजी रायगडाहून इकडे आला, आणि ही खबर हेरांनी खानाला दिली.

नीट बघा. भांडणाचा पुरावा आहे. हेरांचा उल्लेख आहे. पण गणोजींनी स्वतः वाट दाखवली, हे या दोन्ही नोंदींत नाही. कोल्हापूरचे अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी पाँडिचेरीच्या फ्रेंच गव्हर्नर मार्टिनच्या डायरीचा दाखला देऊन वेगळ्याच माणसांकडे बोट दाखवलं, तर त्यांना फोनवर धमकी आली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फितुरीवर बोलायला आजही किंमत मोजावी लागते.

गणोजींची गोष्ट इथेच थांबत नाही. पुढे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात अडकले, तेव्हा मोगलांच्या बाजूला असलेल्या याच गणोजींनी त्यांच्या सुटकेला मदत केली असं बखरी सांगतात. त्यासाठी खंडो बल्लाळांनी आपलं दाभोळचं वतन सोडून दिलं म्हणे. शिर्के आडनावाला शिवी देण्याआधी अजून एक आठवा. येसूबाईसुद्धा शिर्क्यांचीच लेक. ती माउली जवळपास तीस वर्षं मोगलांच्या कैदेत राहिली आणि १७१९ ला परत आली. आता आडनावावरून निकाल कसा लावणार?

सोयराबाईंचंही तसंच. त्यांचे भाऊ हंबीरराव मोहिते १६८० च्या वारसाहक्काच्या वादात आपल्या भाच्याच्या नाही, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले. आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आसऱ्याला आला तो संभाजीराजांकडेच. दोन्ही घरं आतून फुटलेली होती.

मग ही लढाई धर्माची की राज्याची? हा वाद पिक्चरच्या आधीचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये अजित पवार विधानसभेत म्हणाले की संभाजी महाराज स्वराज्यरक्षक होते, धर्मवीर नव्हे. त्यावर आंदोलनं झाली. गंमत बघा, आपल्या नदीवर दोन्ही शब्द नांदतात. पेडगावच्या किल्ल्याला लोक धर्मवीरगड म्हणतात. आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ मालिकेत महाराज साकारणारे अमोल कोल्हे शिरूरचे खासदार आहेत. म्हणजे थेटरात शेजारी शेजारी बसलेली दोन माणसं आपापला शब्द घरूनच घेऊन आलेली असतात.

मला वाटतं खरी फूट इथे आहे. एक प्रेक्षक दर्शनाला आलाय, दुसरा इतिहास शोधायला. दोघांचंही काही चुकत नाही. मनाने हात जोडायला पुरावा लागत नाही. गडबड होते ती दर्शनालाच पुरावा मानलं की. पिक्चरनंतर बुऱ्हाणपूरजवळ लोक रात्री टॉर्च घेऊन मोगलांचं सोनं शोधायला शेतं खणत होते, हे हसण्यावारी नेता येईल. पण मार्च २०२५ ला औरंगजेबाच्या कबरीवरून नागपूर पेटलं, ते नाही.

आणि आपल्याला तर ते आधीच माहीत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये वढूला महाराजांवर अंत्यसंस्कार कुणी केले, गोविंद गोपाळांनी की शिवले मंडळींनी, या वादात फलकाची मोडतोड झाली. तीन दिवसांनी, १ जानेवारी २०१८ ला, कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. एका तरुणाचा जीव गेला. दुकानं जळाली, गाड्या जळाल्या. जिथे पिक्चर संपतो, तिथून पुढची ही गोष्ट आपल्या गावांनी भोगलीय.

म्हणून शिरूर-दौंडच्या पोरांना एवढंच सांगणं. पिक्चर बघा, रडू आलं तर रडा, त्यात लाजायचं काही नाही. मग एखाद्या रविवारी गाडी काढा. सकाळी पेडगाव, दुपारनंतर तुळापूर आणि वढू. समाधीपाशी शांत उभे राहा. आणि परत येताना कुणी ‘फितूर कोण’ म्हणून एखादं आडनाव पुढे केलं, तर त्याला एकच विचारा, ‘दादा, हे कुठल्या कागदात आहे?’

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या.