दरडीच्या रात्री यादी कुठे असावी?

डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतल्या स्वयंसेवकांनी ‘सहाना’ ही मुक्तस्रोत प्रणाली लिहिली. बेपत्ता माणसे, छावण्या, मदतीच्या मागण्या यांची ती नोंदवही. लिनक्सवर अपाचे बसवायचे, मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस उघडायचा, पीएचपीच्या फायली जागेवर ठेवायच्या. साध्या लॅपटॉपवरही भागे. ऑक्टोबर 2005च्या भूकंपात पाकिस्तानात ती वापरली गेली. त्याच वर्षी जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते दरडींखाली सापडली होती. पुढे 22 जुलै 2021ला याच तालुक्यातल्या तळिये गावात दरडीखाली 80हून अधिक माणसे गेली, पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. सावित्री नदीच्या पुराने वाटा अडल्या, वीज आणि मोबाईल बंद पडले. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवरची यादी असून नसल्यासारखीच, म्हणून तिची प्रत तालुक्यात हवी.

वीज गेल्यावर तालुक्यातला सर्व्हरही बंदच, असे कोणी म्हणेल. पण लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि एक राउटर एवढ्यावर तो इंटरनेटविना चालतो. महाडात मात्र पुरामुळे तो वरच्या मजल्यावरच ठेवावा! खरा आक्षेप वेगळा आहे: दोन आपत्तींमधली कोरडी वर्षे त्याला सांभाळणार कोण? सॉफ्टवेअर फुकट मिळते, बॅकअप घेणारा माणूस नाही. ते काम दर पावसाळ्याआधी वाडीवार घरयादी ताजी करण्याशीच जोडावे लागेल. तळियेतला शोध थांबला, तेव्हाही काहीजण बेपत्ताच होते.