आगगाडीच्या डब्यांचा जीर्णोद्धार

आगगाडी म्हटली कीं सामान्य मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम इंजिन उभें राहतें. धूर सोडणारें असो वा विजेवर धांवणारें असो, मुलें त्याचेंच चित्र काढतात आणि मोठीं माणसेंहि त्याच्याच बळाचें कौतुक करतात. वास्तविक प्रवाशाचा जीव इंजिनापेक्षां डब्याच्या हवालीं अधिक असतो. हा डबा जुना झाला म्हणजे त्याची डागडुजी करून तो चालवीत राहावें, कीं तो मोडींत काढून नव्या घडणीचा डबा आणावा, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ जमाखर्चाचा दिसतो. परंतु हिंदुस्थानांतील रेल्वेचा इतिहास असें सांगतो कीं, डागडुजीनें डब्याची कातडी नवी होते, हाडें जुनींच राहतात. आणि अपघाताच्या क्षणीं कसोटी लागते ती हाडांची.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हां तिला चौदा डबे जोडले होते. त्या काळच्या डब्याची रचना बैलगाडीच्या रचनेहून तत्त्वतः फार निराळी नव्हती. खालीं चाकांवर लोखंडाची चौकट आणि तिच्यावर लांकडाची पेटी. सर्व भार चौकटीनें सोसावयाचा; पेटीनें केवळ ऊन-पाऊस अडवावयाचा. ही पेटी बहुधा सागवानाची असे, व तिचें काम सुताराचें असे. फळी कुजली तर फळी बदलावी, खिळखिळी झाली तर पाचर ठोकावी, रंग उडाला तर नवा द्यावा; आणि अगदींच निरुपाय झाला तर जुन्या चौकटीवर नवी पेटी चढवावी. वाड्याची तुळई बदलणाऱ्या हातांना हें काम नवें वाटण्याचें कारण नव्हतें.

या रचनेंतील दोष मात्र कोणत्याहि सुताराच्या हातचा नव्हता. दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या म्हणजे एका डब्याची चौकट पुढच्या डब्याच्या चौकटीवर चढे आणि वरची लांकडी पेटी कापीत आंत शिरे. दुर्बिणीची एक नळी दुसरींत सरकावी तसा एक डबा दुसऱ्यांत सरके, आणि आंतील माणसें दोहोंच्या मध्यें सांपडत. पेटी कालच रंगविलेली असली तरी तिचा येथें कांहीं उपयोग नव्हता.

मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना दख्खनच्या राणीचें उदाहरण जवळचें वाटेल. ता. १ जून १९३० रोजीं ही गाडी सुरू झाली. तिच्यासाठीं प्रत्येकीं सात डब्यांचे दोन संच बांधले होते. एक रुपेरी रंगाचा व त्यावर तांबड्या पट्ट्या, दुसरा गडद निळा व त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या खालच्या चौकटी इंग्लंडांतून आल्या आणि वरचीं अंगें माटुंग्याच्या कारखान्यांत तयार झालीं. आरंभीं हिला पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशास या राणीच्या दरबारीं प्रवेश मिळण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. ते मूळचे डबे १९६६ पर्यंत चालले. छत्तीस वर्षें घाट चढून-उतरून त्यांनीं काढलीं, ही माटुंग्याच्या कारागिरांची थोरवी खरीच. तरीहि १९६६ सालीं त्यांना निरोप देण्यांत आला तो त्यांचा रंग विटला म्हणून नव्हे. त्यांच्या जागीं आलेले पेरांबूरचे पोलादी डबे एकमेकांत न घुसतील अशा बेतानें घडविलेले होते.

मद्रासजवळ पेरांबूर येथील हा कारखाना ता. २ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें सुरू झाला. त्यासाठीं झुरिचजवळच्या श्लीरेन येथील एका स्विस कंपनीशीं करार झाला होता. या डब्यांतील मुख्य कल्पना अशी कीं, तळ, दोन्हीं बाजू आणि छप्पर हीं सर्व एकमेकांशीं जोडून पोलादाची एक अखंड नळी करावयाची. मग भार एकट्या तळानें न सोसतां सर्व अंगानें सोसावयाचा. वेताच्या टोपलींत जसा प्रत्येक वेत थोडाथोडा भार उचलतो, तसाच हा प्रकार. शिवाय टोंकाकडील भिंती मुद्दाम मजबूत केलेल्या, म्हणजे धक्का प्रथम तेथें जिरावा. सुताराचें राज्य संपलें आणि जोडकाम करणाऱ्याचें सुरू झालें.

पोलादाला वाळवी लागत नाहीं, पण गंज लागतो. या डब्यांचें आयुष्य पंचवीस वर्षें धरलेलें होतें, आणि तें पुरें व्हावें म्हणून मध्यंतरीं एकदां त्यांचा संपूर्ण जीर्णोद्धार करणें अवश्य ठरलें. भोपाळ येथें तर १९८९ सालीं केवळ याच कामासाठीं स्वतंत्र कारखाना उभा राहिला. तेथें आलेला डबा चाकांवरून उचलतात, बाक, छत, जमीन, खिडक्या, तारा सर्व कांहीं उतरवितात, आणि उघड्या पडलेल्या सांगाड्याची तपासणी करतात. गंज कोठें सांपडावयाचा हें अनुभवी कारागिरास आधींच ठाऊक असतें. संडासाखालची जमीन, दारांजवळचे कोपरे, आणि बाजूचा पत्रा तळाच्या तुळईस जेथें मिळतो ती शिवण, हीं त्याचीं आवडतीं स्थानें. संडासांतील घाण पाणी, डबा धुतांना झिरपणारें पाणी आणि उघड्या खिडकींतून येणारा पाऊस हें सर्व तेथें साचून राहतें. वरून रंग तुकतुकीत, आणि आंत पत्रा पापडासारखा! सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणें, गंजरोधक लेप देणें, जमीन व तारा नव्या घालणें, असें हें काम चालतें. बाहेर पडलेला डबा पाहून प्रवाशाला तो नवाच वाटतो. हें काम नव्या डब्यापेक्षां पुष्कळ स्वस्त पडतें, आणि जेथें डब्यांची सदाच टंचाई, तेथें तें टाळणेंहि शक्य नव्हतें.

जीर्णोद्धार हा नेहमींच गंजाशीं संबंधित असतो असें मात्र नव्हे. १९७४ सालीं तिसरा वर्ग कागदोपत्रीं नाहींसा झाला व त्यास दुसरा वर्ग असें नांव मिळालें. पण पाठीखालची लांकडी फळी नांव बदलल्यानें मऊ झाली नाहीं. ती मऊ केली ती १९७७ ते १९७९ या काळांत रेल्वेमंत्री असलेल्या प्रा. मधु दंडवते यांनीं. कोंकणांतील राजापूरहून लोकसभेवर निवडून गेलेल्या या गृहस्थांनीं दुसऱ्या वर्गाच्या शयनबाकांवर दोन इंच जाडीची गादी बसविण्याची योजना हातीं घेतली. इतकी साधी गोष्ट होण्यास पहिल्या गाडीपासून सव्वाशें वर्षें जावीं लागलीं! रेल्वेंतील सर्व दुरुस्त्यांत कोट्यवधि माणसांच्या पाठींना प्रत्यक्ष जाणवलेली दुसरी एवढी दुरुस्ती शोधून सांपडणें कठीण.

परंतु पेरांबूरच्या डब्यालाहि त्याचा म्हणून एक दोष होता. दोन डब्यांना जोडणारी स्क्रूची सांखळी आणि बाजूचे दोन बफर ही जोडणी सैल असल्यामुळें, गाडी घसरतांच डबे तुटून सुटे होत, उलटत आणि एकमेकांवर चढत. २६ नोव्हेंबर १९९८ रोजीं पंजाबांत खन्ना येथें एका गाडीचे घसरलेले डबे शेजारच्या रुळांवर पडले आणि त्यांवर दुसरी गाडी येऊन आदळली. दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. २० नोव्हेंबर २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांत पुखरायां येथें इंदूर-पाटणा गाडी घसरून सुमारें दीडशें प्रवासी प्राणास मुकले. मूळ कारण रुळांत असो वा अन्यत्र. पण घसरल्यानंतर किती माणसें वांचावयाचीं हें डब्याच्या घडणीवर पुष्कळसें अवलंबून असतें.

नवी घडण जर्मनींतील लिंके-हॉफमान-बुश या कंपनीची. तिचे पहिले डबे २००० सालाच्या सुमारास आयात झाले व पुढें पंजाबांत कपुरथळा येथें तयार होऊं लागले. जुना डबा साडेएकवीस मीटरांहून किंचित् कमी लांबीचा, नवा साडेतेवीस मीटरांचा. म्हणून शयनयानांत बहात्तर जागांच्या ठिकाणीं ऐंशीं झाल्या. आयुष्य पस्तीस वर्षें. दोन डब्यांची जोडणी मध्यभागीं व घट्ट, म्हणजे गाडी घसरली तरी डबे एकमेकांस धरून राहावे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीनें २०१२ सालीं जुन्या घडणीचे डबे बांधणें थांबवून सर्वस्वीं नवेच बांधावेत अशी शिफारस केली. पेरांबूरनें जुन्या घडणीचा शेवटचा डबा बाहेर काढला तो २०१८ सालच्या आरंभीं. शिफारस आणि अंमल यांत सहा वर्षें गेलीं, आणि पुखरायां त्या सहा वर्षांतलें आहे.

नव्या डब्याची जोडणी जुन्याशीं जुळत नाहीं. म्हणून एखादा डबा बदलून भागत नाहीं, सबंध गाडीचा संच बदलावा लागतो. असा संच प्रथम राजधानी, शताब्दी अशा मानाच्या गाड्यांस मिळाला, आणि सामान्य गाड्यांची पाळी मागून आली. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर यावा, त्यांतलाच हा प्रकार. पण सदऱ्यावर कोणाचा जीव अवलंबून नसतो. दख्खनच्या राणीलाहि नवा संच जून २०२२ मध्यें मिळाला. तिचा जुना भोजनाचा डबा जातो कीं काय अशी नित्याच्या प्रवाशांस धास्ती होती. नव्या संचांतहि तो ठेवला गेला. नव्या डब्यांवर सारा भरंवसा टाकणेंहि बरोबर नव्हे. २ जून २०२३ रोजीं ओडिशांत बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेस चुकीच्या मार्गावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. तिचे डबे नव्याच घडणीचे होते, आणि तरी दोनशें नव्वदांहून अधिक बळी गेले.

जुन्या डब्यांपैकीं कांहींची बाकें काढून, खिडक्या कायमच्या बंद करून व टोंकाची भिंत दारासारखी उघडी करून त्यांतून मोटारी वाहून नेण्याची सोय केली गेली. २०२० सालीं साथ आली तेव्हां जुन्या घडणीच्या पांच हजारांहून अधिक डब्यांत रुग्णांसाठीं खाटांची व्यवस्था झाली; मधलीं शयनबाकें उतरविलीं, एका संडासाची न्हाणी केली. पुढच्या वर्षीं एप्रिलांत नंदुरबार येथें असे डबे फलाटाशीं उभे होते, आणि इस्पितळांत जागा न मिळालेले रुग्ण त्यांत उपचार घेत होते.