सापाची झोळी आणि सरकारचा परवाना

रानांत साप शोधीत हिंडणाऱ्या मनुष्यास अंमलदारानें हटकलें म्हणजे त्याला दोन गोष्टी विचारण्यांत येतात: झोळींत काय आहे, आणि तूं कोण? पहिला प्रश्न प्राणिशास्त्राचा, दुसरा राज्यकारभाराचा. गेल्या दीडशें वर्षांचा आपल्या देशाचा इतिहास पाहिला, तर त्या मनुष्याचें बरेंवाईट पहिल्यापेक्षां दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच अधिक अवलंबून राहिलें आहे, असें आम्हांस वाटतें. नागपूजा, नागकुळें, नागमणि यांविषयीं आपल्याकडे लिहिलेलें पुष्कळ आहे. त्या मानानें साप धरणारा मनुष्य आणि सरकार यांची गांठ कशी पडत गेली, हा विषय उपेक्षितच राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रज सरकारच्या लेखीं साप हा केवळ शत्रु होता. कलकत्त्याचे प्रसिद्ध सर्जन जोसेफ फेरर यांनीं निरनिराळ्या प्रांतांतून आंकडे मागवून १८६९ या एका सालांत सर्पदंशानें ११,४१६ माणसें दगावल्याची नोंद केली, आणि १८७२ सालीं विषारी सर्पांवरील आपला मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. साप मारून आणणारास बक्षिसें देण्याची पद्धत या काळांत अनेक ठिकाणीं चालू होती. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याची हकीकत या बाबतींत सर्वांत विलक्षण आहे. तेथील फुरशांचा संहार करण्यासाठीं सरकारनें बक्षीस लावलें, तेव्हां सहा वर्षें दरसाल सरासरीनें सव्वादोन लाख फुरशीं मारलीं गेलीं, असें विडाल या अधिकाऱ्यानें १८९० सालीं नमूद करून ठेवलें आहे. एवढ्या संख्येनें मारूनहि कोंकणांतलें फुरसें नाहींसें झालें नाहीं, तें आजहि आहेच. पण तो मुद्दा निराळा. येथें लक्षांत घेण्यासारखें इतकेंच, कीं त्या काळीं काठीला मेलेलें फुरसें अडकवून कचेरीकडे जाणाऱ्या मनुष्यास दुसऱ्या कोणत्याहि दाखल्याची गरज नव्हती. फुरसें हाच त्याचा दाखला.

जिवंत साप घेऊन फिरणाराची गोष्ट मात्र वेगळी होती. ज्या दशकांत फेररसाहेबांचा ग्रंथ निघाला, त्याच दशकाच्या आरंभीं, १८७१ सालीं, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. तो आधीं उत्तरेकडील प्रांतांस लागू होता. १९११ च्या कायद्यानें मुंबई व मद्रास इलाख्यांसहि लागू करतां येऊं लागला. ज्या जमातीचें नांव सरकारी जाहीरनाम्यांत आलें, तिच्या माणसांनीं आपली नोंद करावी आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जावयाचें असल्यास पास जवळ बाळगावा. विना पास सांपडलेल्या मनुष्यास पोलिसानें किंवा गांवच्या चौकीदारानें वॉरंटावांचून धरावें. सगळेच गारुडी या जाहीरनाम्यांत होते असें नव्हे. परंतु ज्याला घर नाहीं त्याला इमान नाहीं, ही जी समजूत त्या कायद्याच्या मुळाशीं होती, ती प्रत्येक फिरस्त्याच्या वाट्याला आली, मग त्याच्या कावडींत नाग असो वा नसो. हा कायदा मुंबई प्रांतांत १९४९ सालीं व सर्व देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला.

याच काळांत सापांमागें हिंडणारा एक तिसरा वर्गहि होता. १८८३ सालीं आठ गृहस्थांनीं मिळून मुंबईंत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. तिच्या नियतकालिकांत लष्करी डॉक्टर फ्रँक वॉल यांनीं हिंदुस्थानांतील सामान्य सर्पांवर लिहिलेली लेखमाला अजूनहि अभ्यासक उघडून पाहतात. असे साहेबलोक झुडपांत काठ्या घालीत, बरण्या भरीत, आणि निर्वेधपणें मुक्कामीं परतत. त्यांची बरणी उघडावयास लावण्याची छाती कोणत्या चौकीदाराची झाली असती?

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि जो साप मारल्याबद्दल पूर्वीं पैसे मिळत, त्याला धरणें हाच पुढें गुन्हा ठरला. या कायद्यांतील 'शिकार' या शब्दाची व्याप्ति सामान्य वाचकाच्या कल्पनेपेक्षां पुष्कळ मोठी आहे. मारणें तर तींत येतेंच. पण पकडणें, फांसा लावणें, तसा प्रयत्न करणें, इतकेंच नव्हे तर सरपटणाऱ्या प्राण्यांचीं अंडीं फोडणें किंवा हलविणें हेंहि तींत येतें. नुसतें पाहणें हा गुन्हा नव्हे. तरी अभयारण्यांत पाहावयाचें असेल तर अभ्यास, छायाचित्रण अथवा प्रवास यांसाठीं परवानगी घ्यावी लागते. रात्रीं विजेरी, टोंकाला आंकडा बसविलेली काठी आणि रिकामी पिशवी घेऊन ओढ्याच्या काठानें चाललेला मनुष्य पाहणारा आहे कीं पकडणारा, हें ठरविण्याचें काम प्रथम त्याला हटकणाऱ्या अंमलदारावर येऊन पडतें.

त्या अंमलदाराचे अधिकार पन्नासाव्या कलमांत सांगितले आहेत. वनखात्याच्या कोणत्याहि अधिकाऱ्यास ते आहेत. पोलिसांपैकीं मात्र फौजदाराच्या खालच्या दर्जाच्या मनुष्यास नाहींत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. गुन्हा घडला असें मानण्यास वाजवी कारण असेल तर त्यानें परवाना मागावा, गाडी थांबवावी, सामान उघडून झडती घ्यावी, सांपडलेला प्राणी जप्त करावा. (झोळींत घोणस असल्यास ती कोणीं उघडावी, याविषयीं कायदा मौन धरतो, अशा वेळीं कायद्याचा हात आणि आरोपीचा हात यांत आरोपीचाच अधिक तरबेज ठरावयाचा.) ज्या कृत्याला परवाना लागतो तें करतांना कोणी दिसला आणि त्याला परवाना दाखवितां आला नाहीं, तर त्याला वॉरंटावांचून अटक करतां येते. पण पुढें एक सवलत आहे. त्यानें आपलें नांव व पत्ता सांगितला, आणि बोलावणें येईल तेव्हां आपण हजर राहूं अशी अधिकाऱ्याची खात्री पटविली, तर ही अटक टळूं शकते.

ही सवलत न्यायाचीच आहे, आणि ती काढून टाकावी असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तिचा लाभ कोणास होतो, हें पाहिलें पाहिजे. पुण्यामुंबईच्या सर्पमित्राच्या खिशांत ओळखपत्र असतें, बोलण्यांत कायद्याची भाषा असते, आणि खात्यांत कोणी तरी परिचित असतो. त्यानें खरें काय तें सरळ सांगावें, पिशवींत कोणता साप आहे हें झडतीच्या आधींच बजावावें, रात्रीच्या वेळीं वाद घालूं नये, म्हणजे त्याचें बहुधा निभावतें. गारुड्याजवळ पत्ताच नाहीं. पालाची जागा दर पंधरवड्यास बदलते, आणि हजर राहण्याची हमी तो कोणत्या गांवच्या नांवानें देणार? १८७१ सालीं ज्याच्याजवळ पास नव्हता, त्याच्याच नातवाजवळ १९७२ सालीं पत्ता नव्हता.

बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीवर या शतकाच्या आरंभापासून मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनीं जीं बंधनें आलीं, त्यांविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. तेथें निदान सबंध गांव आपली बाजू मांडावयास उभें राहूं शकतें. आमच्या मतें याहून बोधप्रद उदाहरण तामिळनाडूंतील इरुळ लोकांचें आहे.

चेंगलपट्टूच्या बाजूस राहणारे हे लोक भाताच्या बांधावर सापाचा माग काढण्यांत अद्वितीय आहेत. बिळाच्या तोंडाची माती, एखादी विष्ठा, कातेचा तुकडा एवढ्यावरून आंत कोणता साप आहे तें सांगावें, आणि पहारीनें खणून तो हातानें बाहेर काढावा. पूर्वीं त्यांचा निर्वाह कातड्यांच्या व्यापारावर चाले. १९७२ चा कायदा आणि १९७६ सालची कातड्यांच्या निर्यातीवरील बंदी यांनीं तो बुडाला. कालपर्यंत व्यापाऱ्याच्या दारांत मान असलेला कारागीर रात्रींतून चोर ठरला. सापांच्या दृष्टीनें बंदी आवश्यक होती, यांत आम्हांस शंका नाहीं. पण कायदा करणारांनीं या माणसांच्या पोटाचा विचार केला होता असें दिसत नाहीं.

तो विचार रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं केला. १९७८ सालीं इरुळांची सर्प पकडणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली. तिचें ठाणें मद्रासजवळ वडनेम्मेली येथें आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार साप परवान्यानें धरावे, सुमारें तीन आठवडे मडक्यांत ठेवून चार वेळां विष काढावें, आणि मग पोटावरच्या खवल्यास खूण करून पुन्हां रानांत सोडावे. खूण यासाठीं, कीं तोच साप लगेच दुसऱ्यांदा धरला जाऊं नये. देशांत तयार होणाऱ्या प्रतिविषाला लागणाऱ्या विषाचा मोठा भाग या संस्थेकडून आलेला आहे. म्हणजे रत्नागिरीच्या शेतकऱ्यास फुरसें चावलें असतां त्याला टोंचलेल्या औषधाच्या मुळाशीं चेंगलपट्टूच्या एखाद्या बांधावरची पहार असण्याचा संभव बराच आहे.

या लोकांपैकीं वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन हे दोघे २०१७ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडाला गेले. तेथें ब्रह्मदेशी अजगर परक्या भूमींत माजले असून स्थानिक शिकारी हात टेकून बसले होते. या दोघांनीं पहिल्या आठवड्याभरांतच तेरा अजगर धरून दिले. तिकडे ते सरकारी निमंत्रणानें गेले होते, दुभाषी बरोबर होते. रानांत शिरण्याबद्दल त्यांना जाब विचारण्याचा प्रश्नच नव्हता. २०२३ सालीं त्या दोघांना पद्मश्री मिळाली.

संस्थेचा परवाना मात्र सरकारनें वेळोवेळीं नवा करून द्यावा लागतो. कोणत्या जातीचे किती साप धरावयाचे, हें त्यांत लिहिलेलें असतें. हुकूम निघण्यास उशीर झाला तर तेवढा हंगाम बुडतो. प्रतिविषासाठीं विष काढण्याची परवानगी कायद्याच्या बाराव्या कलमांत आहे. तो कागद हातीं येण्यापूर्वीं त्याच बांधावर, त्याच पहारीनें, तोच नाग काढला, तर तें कृत्य बाराव्यांतून उठून नवव्या, म्हणजे शिकारबंदीच्या, कलमांत जातें.