सायक्लोपामाइन

सायक्लोपामाइन हे कॅलिफोर्निया कॉर्न लिली (वेराट्रम कॅलिफोर्निकम) या रानवनस्पतीत आढळणारे स्टेरॉइड वर्गातील अल्कलॉइड आहे. गाभण मेंढीच्या पोटात ते ठरावीक दिवशी गेल्यास कोकरू एकाक्ष, म्हणजे चेहऱ्याच्या मध्यभागी एकच डोळा असलेले जन्मते. पशुवैद्यकातील या शोधामुळे मेंदूच्या जडणघडणीतील एक महत्त्वाची प्रक्रिया उलगडण्यास मदत झाली.

शोध
अमेरिकेतील आयडाहो राज्याच्या डोंगराळ कुरणांत चरणाऱ्या कळपांमध्ये १९५०च्या दशकात एकाक्ष कोकरे जन्मत असल्याचे आढळले. हा दोष आनुवंशिक असावा, असा प्रथम समज होता. तेथील कृषी खात्याच्या संशोधकांनी कुरणातील वनस्पती मेंढ्यांना खाऊ घालून पाहिल्या, तेव्हा कॉर्न लिली हे कारण निश्चित झाले. गर्भधारणेच्या सुमारे १४व्या दिवशी ही वनस्पती खाल्ल्यासच एकाक्षता उद्भवते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत खाल्ल्यास पाय किंवा श्वासनलिका यांत व्यंग येऊ शकते.

रासायनिक स्वरूप
रिचर्ड कीलर यांनी १९६०च्या दशकात या वनस्पतीतील अल्कलॉइडे वेगळी केली. ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षस सायक्लॉप्स याच्यावरून सायक्लोपामाइन हे नाव देण्यात आले. याच्या रेणूत कार्बनचे २७, हायड्रोजनचे ४१, ऑक्सिजनचे २ आणि नायट्रोजनचा १ अणू असतो. जर्व्हिन या अल्कलॉइडशी त्याचे निकटचे साम्य आहे. मात्र जर्व्हिनमधील ११व्या कार्बनवरचा ऑक्सिजन यात नसतो.

मेंदूच्या विकासाशी संबंध
गर्भावस्थेत 'सॉनिक हेजहॉग' या प्रथिनाच्या संदेशामुळे अग्रमस्तिष्क दोन गोलार्धांत विभागले जाते आणि डोळ्यांचे मूळ क्षेत्रही दुभंगते. या प्रथिनाचे जनुक निकामी केलेली उंदरांची पिले एकाक्ष होतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. सायक्लोपामाइन हाच संदेश रोखते, हे फिलिप बीची व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. पेशीवरील 'स्मूदन्ड' या प्रथिनाला ते चिकटते, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. मानवातही या जनुकातील बिघाडामुळे अग्रमस्तिष्काचे विभाजन अपुरे राहू शकते. या विकृतीस होलोप्रोसेनसेफॅली म्हणतात.

वैद्यकीय महत्त्व
बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगात हीच संदेशयंत्रणा अनियंत्रितपणे चालू राहते. तिला रोखणाऱ्या व्हिस्मोडेगिब या औषधास अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याची रासायनिक रचना सायक्लोपामाइनहून वेगळी असली, तरी ते स्मूदन्ड प्रथिनावरच कार्य करते. त्यामुळे गर्भास गंभीर इजा होऊ शकते. म्हणून गरोदरपणात ते वर्ज्य आहे.

प्रतिबंध
गर्भात एकदा निर्माण झालेली एकाक्षता औषधाने दूर होत नाही. म्हणून प्रजननाच्या काळात, तसेच नर कळपातून वेगळे केल्यानंतर सुमारे महिनाभर, मेंढ्यांना कॉर्न लिली असलेल्या कुरणांपासून दूर ठेवतात.