मेंढा गावचा अभ्यास गट

गिरगावातल्या चाळीत नळाला पाणी येतं, ते शहापूरच्या बाजूच्या डोंगरांतून. तिथलं तानसा धरण 1892 सालचं. भोवतीचा मुलूख वारली, ठाकर, कातकरी मंडळींचा. रान राहिलं तर पाणी राहतं, ही गोष्ट शहरातल्या माणसाला समजावून सांगावी लागते. रानातला माणूस ती जाणूनच असतो. आता पाऊस लहरी झाला आहे. पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो आणि एका रात्रीत कोसळतो. अशा दिवसांत रान राखायचं कोणी, आणि कसं? या प्रश्नाचं एक उत्तर गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावानं दिलं आहे.

थोडं मागं जाऊ. 1878 च्या इंग्रजी वनकायद्यानं राखीव जंगलं वाढत गेली. जो पिढ्यांचा हक्क होता त्याची सवलत झाली, आणि लाकडाची मोळी आणणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला. पुढे इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या दोन मोठ्या धरणांचा बेत निघाला. तेव्हा आदिवासींनी ‘मानव बचाओ, जंगल बचाओ’ आंदोलन उभारलं. धरणं थांबली. परंतु लोकांपुढे नवा प्रश्न आला : रान वाचलं, आता ते चालवणार कोण?

मेंढ्यानं ठरवलं, आपणच. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी ग्रामसभेत बसू लागले. निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला. वेळ लागतो खरा. पण ठरलेली गोष्ट मग सगळे पाळतात. बाहेरून मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते आले. त्यांनी गावासाठी निर्णय घेतले नाहीत. माहिती आणून दिली, प्रश्न विचारले आणि गावाबरोबर बसून अभ्यास केला. यालाच तिथं ‘अभ्यास गट’ म्हणतात. ग्रामसभेत निर्णय व्हायचा. अभ्यास गटात फक्त चर्चा. कायदा काय म्हणतो, बांबू कसा वाढतो, मधमाश्या न मारता मध कसा काढावा, असे विषय. त्यातूनच फळझाड तोडायचं नाही, रानाला वणवा लागू द्यायचा नाही, असे नियम निघाले. नाल्यांवर बांध घालून माती-पाणी अडवलं.

या अभ्यासाचा उपयोग वेळ आली तेव्हा झाला. 2006 साली वनहक्क कायदा झाला. 2009 साली मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. राज्यात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत ते आहे. कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून नोंदलेला. तरी तो विकायला वाहतूक परवाना हवाच होता आणि तो मिळेना. गाव कायद्याचं कलम हातात घेऊन भांडलं. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

याचा पावसाशी संबंध काय, असं कोणी विचारील. तो असा. धान गेलं तरी रानात मोह, तेंदू, चारोळी, बांबू राहतात. झाडोरा असला की पाणी धावत न जाता जमिनीत मुरतं. आणि संकट आलंच, तर एकत्र बसून ठरवायची सवय असलेलं गाव गोंधळून जात नाही. ही सवय पैशानं विकत मिळत नाही, आणि वरून हुकूम काढूनही येत नाही.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा. तिच्यात सरकाराशी वैर नाही; आपल्या वाट्याचं काम आपण करू, एवढाच तिचा अर्थ. मोहनभाऊ 2025 साली गेले. गावाची बैठक त्यांच्यावाचूनही भरते. बाहेरच्या मदतनिसाचं काम नीट झालं की नाही, ते इथंच कळतं. शिक्षक बंधुभगिनींना एवढंच सुचवावंसं वाटतं : महिन्यातून एक संध्याकाळ शाळेच्या ओसरीवर गावाचा अभ्यास गट बसवून पाहावा. पहिला विषय गावच्या पाण्याचा घ्यावा, आणि त्या संध्याकाळी गुरुजींनी बोलावं कमी, विचारावं जास्त.