वाळीत पडल्यावर कोण टिकले? ग्रामण्यापासून ‘कॅन्सल’पर्यंत

१/ जुलै २०२० मध्ये ‘हार्पर्स’ या अमेरिकी मासिकाने एक खुले पत्र प्रसिद्ध केले. सलमान रश्दी, मार्गारेट ॲटवुड, नोम चॉम्स्की यांच्यासह दीडशेहून अधिक लेखक-विचारवंतांच्या त्यावर सह्या होत्या. न रुचणारे मत मांडणाऱ्याची नोकरी, व्यासपीठ आणि प्रतिष्ठा काढून घेण्याची वृत्ती बळावत आहे, अशी त्यांची तक्रार होती. टीकाकारांचे उत्तरही रोखठोक होते: ज्यांना आजवर कोणी जाब विचारला नाही, त्यांना तो आता विचारला जात आहे, इतकेच. या प्रकाराचे ‘कॅन्सल कल्चर’ हे नाव नवे आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र त्याच्याशी नाते सांगणारी एक जुनी यंत्रणा आहे. तिच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या प्रवासाचा हा मागोवा. (थ्रेड)

२/ त्या यंत्रणेचे नाव ग्रामण्य. जातीचा नियम मोडल्याचा आरोप आला की पंचायत किंवा धर्मपीठ निर्णय देई आणि आरोपी वाळीत पडे. रोटीव्यवहार बंद, बेटीव्यवहार बंद. भटजी घरी येणार नाहीत, न्हावी-धोबी काम करणार नाहीत, मयताला खांदा मिळणार नाही. तुरुंग नाही, दंड नाही, सरकारी शिपाई नाही. शिक्षेची अंमलबजावणी शेजारीच करीत. त्यातही एक पेच असे: वाळीत पडलेल्याशी व्यवहार ठेवणाराही वाळीत पडे. म्हणून आरोपीशी सहमत असणारे लोकही त्याच्यापासून दूर राहत.

३/ या यंत्रणेची पहिली लक्षणीय आधुनिक परीक्षा मुंबईत झाली. १८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणे हा तिचा हेतू होता. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांसमक्ष खावा लागे. हे ‘सर्वांसमक्ष’ अर्थात बंद दाराआड. सभा गुप्त होती. जातिभेद मानत नाही असे सभासदांनी एकमेकांना सांगायचे आणि बाहेर पडल्यावर पूर्वीसारखेच वागायचे, असा तो व्यवहार होता.

४/ १८६० मध्ये सभेचे दप्तर चोरीला गेले आणि सभासदांची नावे फुटण्याची वेळ आली. सभेच्या मतांचे खंडन कोणी केले नव्हते, कोणत्या न्यायालयाने तिच्यावर बंदीही घातली नव्हती. नावे बाहेर येणार एवढ्यावरच सभा विस्कटली. १८६७ मध्ये त्याच वर्तुळातून प्रार्थना समाज उभा राहिला. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्याच्या संस्थापकांत होते. हा समाज उघड होता, पण सभासदाने जात मोडलीच पाहिजे, अशी अट त्याने घातली नाही. परमहंस सभेतून घेतलेला धडा या सावधपणात दिसतो.

५/ तीस वर्षांनंतर नावांच्या यादीचे हेच हत्यार पुण्यात उपसले गेले. ऑक्टोबर १८९० मध्ये गोपाळ विनायक जोशी यांच्या पुढाकाराने शहरातील प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये जमली. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी घोट घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. पुढे उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात प्रसिद्ध झाली आणि एका पेल्यातील चहाचे ग्रामण्य झाले.

६/ यादी फोडण्याचे काम सनातन्यांनी केले नव्हते, ही यातील ध्यानात घेण्याजोगी बाब आहे. ती खुद्द गोपाळरावांनी फोडली. चारचौघांत सुधारणेची भाषा बोलणारे प्रत्यक्षात किती पाण्यात आहेत, हे दाखवण्याची त्यांना हौस होती. सनातन्यांनी त्या यादीचा उपयोग केला. शंकराचार्यांकडे तक्रार गेली, चौकशी बसली. यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि लोकमान्य टिळकही होते. संमतिवयाच्या विधेयकावरून ज्यांचे मतभेद अवघ्या महाराष्ट्राने पाहिले, ते दोघे या प्रकरणात एकाच बाकावर बसले.

७/ टिळकांनी धर्मशास्त्राच्या आधारे युक्तिवाद केला आणि काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरीही काही काळ त्यांच्या घरच्या धर्मकृत्यांना भिक्षुक मिळणे कठीण झाले. रानडे यांनी आधी प्रायश्चित्त नाकारले आणि १८९२ मध्ये ते घेतले. ते सरकारी न्यायाधीश होते. त्यांच्या पगाराला पुण्यातील कोणत्याही पंचायतीचा हात पोहोचत नव्हता. यादीतील स्नेह्यांची मात्र घरोघर कोंडी झाली होती. त्यांच्यासाठी रानड्यांनी माघार घेतली. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाविषयी लिहिले आहे. सुधारक पक्षातील अनेकांना ही माघार जिव्हारी लागली.

८/ या प्रकरणातून बहिष्काराची कार्यपद्धती स्पष्ट होते. रानड्यांचे मत बदलले नव्हते आणि ते बदलावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्यांनी वाकल्याचे जाहीर दिसावे, एवढेच पुरेसे होते. त्यासाठी दबाव आरोपीवर न आणता त्याच्या भोवतालच्या माणसांवर आणला गेला: सासरी राहिलेल्या लेकींवर, लग्नाला आलेल्या भाचीवर, म्हाताऱ्या आईवडिलांवर. माणूस स्वतःची झळ सोसू शकतो. इतरांच्या झळीचे कारण होणे त्याला सोसवत नाही.

९/ पुढच्याच वर्षी, मार्च १८९३ मध्ये, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. कोकणातील त्यांच्या मुरुड गावाने ठराव केला. कर्वे असतील त्या बैठकीला कोणी बसू नये आणि ते आईच्या घरी उतरले तर आईलाही वाळीत टाकावे, असा त्याचा आशय होता. दबाव येथेही आईमार्फतच आला. कर्वे गावी गेले की त्यांना घरच्यांपासून वेगळे राहावे लागे.

१०/ तरीही कर्वे मोडले नाहीत. धैर्य होतेच, पण त्याच्या जोडीला पुण्यातील नोकरी होती. गोपाळ गणेश आगरकरांचेही तसेच. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, तरी ‘सुधारक’ निघत राहिला आणि १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. शाळा, महाविद्यालये, वृत्तपत्रे आणि सरकारी कचेऱ्या यांनी १९व्या शतकात जातपंचायतीच्या पकडीबाहेर पोट भरण्याची सोय केली. महाराष्ट्रातील वैचारिक स्वातंत्र्याचा हा आर्थिक पाया आहे. त्याचा उल्लेख फारसा होत नाही.

११/ त्या स्वातंत्र्यालाही मर्यादा होत्या. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. आश्रम पुनर्विवाहाचे दुकान आहे असा समज झाला तर विधवा मुलींना कोणी तेथे पाठवणार नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून ज्या पुनर्विवाहासाठी त्यांनी गावचा बहिष्कार सोसला, त्याच्या प्रचारकार्यातून ते पुढे बाजूला झाले. संस्था वाचली, वाढली. तिच्यासाठी कर्वे यांना आपल्या बोलण्यास मुरड घालावी लागली. या सौद्याला भ्याडपणा म्हणता येणार नाही, पण त्याची किंमत नोंदवली पाहिजे.

१२/ नोकरीचा हा आसरा पुढच्याच पिढीत ढासळला. कर्वे यांचे पुत्र रघुनाथ मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा उघड पुरस्कार केल्यामुळे १९२५ मध्ये त्यांना ती नोकरी सोडावी लागली. वडिलांवर गावाने ठराव केला तेव्हा महाविद्यालयाने त्यांना सांभाळले. मुलाच्या बाबतीत महाविद्यालयच ग्रामण्याची जागा झाले. आज एखाद्याच्या मताचा राग आला की लोक त्याच्या मालकाला पत्रे लिहितात, नोकरीवरून काढा म्हणतात. त्या पद्धतीची ही नजीकची पूर्वपीठिका आहे.

१३/ रघुनाथरावांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. लैंगिक प्रश्नांवरील प्रामाणिक लेखनाला अश्लील म्हणता येत नाही, ही आंबेडकरांची भूमिका मात्र नोंदली गेली. बहिष्कृत मत मांडणाऱ्याच्या बाजूने ते उभे राहिले, याला योगायोग म्हणता येणार नाही. बहिष्काराचा सर्वांत कठोर प्रकार त्यांनी जवळून पाहिला होता.

१४/ मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेतले. एप्रिलमध्ये आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघू लागले. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांवर गावे कोणते शस्त्र चालवतात, याचे वर्णन मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३०च्या अहवालात केले. मजुरी बंद, कसायला दिलेली जमीन परत, वाण्याकडून किराणा बंद, वाटही बंद. आंबेडकर या समितीचे सदस्य होते. रानड्यांना पगार होता, कर्वे यांना फर्ग्युसन होते. गावाबाहेरच्या शेतमजुराला गावाखेरीज दुसरा मालक नव्हता. एकच शिक्षा, पण दोघांना ती सारखी लागत नव्हती.

१५/ म्हणून पहिल्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मांडलेल्या संरक्षण-योजनेत एक कलम होते: बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे गुन्हे ठरवावेत. नमुना होता १९२२चा ब्रह्मदेशाचा बहिष्कारविरोधी कायदा. मूलभूत हक्क कागदावर असून भागत नाही. ते वापरणाऱ्याचे दाणापाणी शेजाऱ्यांच्या हाती असेल तर हक्क वापरला जात नाही. हे सूत्र भाषणस्वातंत्र्यालाही तंतोतंत लागू पडते.

१६/ बहिष्कार नेहमी वरूनच आला असे मात्र नाही. ‘बॉयकॉट’ हा शब्दच १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मला. कुळांवर जुलूम करणारा जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याला कुळांनी एकटे पाडले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. टिळकांनीही पुढे परदेशी मालाच्या बहिष्काराचे नेतृत्व केले. दुर्बलांच्या हाती हे शस्त्र आले म्हणून कित्येक अन्याय हलले. जाब विचारण्याचा हक्क नाकारून भाषणस्वातंत्र्याचा कैवार घेता येत नाही.

१७/ तरी या उदाहरणांतही भेद करावा लागतो. नाभिकांनी एका प्रथेशी असहकार केला, कोणा विधवेचे किंवा तिच्या घरच्यांचे जगणे अडवले नाही. मुरुडच्या ठरावाने एका आईला मुलाच्या मतासाठी ओलीस धरले. स्वदेशीच्या काळात बंगालमध्ये स्वस्त विलायती कापड विकणारे गरीब मुसलमान दुकानदार भरडले गेले. रवींद्रनाथांची ‘घरे बाइरे’ त्या अनुभवातून आली. हेतू उदात्त असला तरी शिक्षा कोणावर पडते, हे पाहावेच लागते.

१८/ कायद्याने या प्रश्नाशी अनेकदा झुंज घेतली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृती आणि धर्मबहिष्कृती रोखणारा कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या आव्हानावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने रद्द ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत विरुद्ध होते. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २१व्या शतकात असा कायदा करावा लागला, यावरूनच ग्रामण्य संपलेले नाही हे कळते.

१९/ समाजमाध्यमावरील संताप म्हणजे जातबहिष्कार नव्हे. दोहोंची बरोबरी केली तर वाळीत पडलेल्यांच्या दुःखाचा अपमान होईल. कठोर टीका, वाचक गमावणे, मान गमावणे ही सार्वजनिक बोलण्याची रास्त जोखीम आहे. इतिहास सीमारेषा दाखवतो ती अशी: उत्तर मताला दिले जात आहे की त्या माणसाच्या अन्नाला आणि आप्तांना हात घातला जात आहे? आणि त्याची चूक मोजण्याचे, शिक्षा संपवण्याचे काही माप आहे का? ग्रामण्यात निदान प्रायश्चित्ताची सोय होती. आजच्या यादीतून नाव कधी निघते, हे कोणी सांगत नाही.

२०/ परमहंस सभेचे सभासद बंद दाराआड पाव खात आणि बाहेर गप्प राहत. सनातन्यांना त्यांची मने बदलता आली नाहीत, पण त्यांची तोंडे बंद करता आली. त्यामुळे ते वाद उघड्यावर झालेच नाहीत आणि समाजाला पुढे कित्येक वर्षे तेच वाद पुन्हा घालावे लागले. बहिष्काराची खरी हानी वाळीत पडलेल्यांच्या संख्येने मोजता येत नाही. वाळीत पडण्याच्या भयाने जे बोललेच गेले नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. (समाप्त)