तळटीप : कार्ताझ

१. कार्ताझ : सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात लागू केलेला सागरी परवाना; मराठी कागदपत्रांत अशा परवान्यास दस्तक म्हणतात. त्यात जहाजाचे व नाखुद्याचे नाव, शस्त्रे, माल आणि जाण्याचे बंदर नोंदलेले असे. परवान्याची फी किरकोळ होती. खरी कमाई जकातीची, कारण परवानाधारकाला गोवा, दीव यांसारख्या पोर्तुगीज बंदरात थांबून ती भरावीच लागे. परवाना नसला की जहाज मालासकट जप्त. त्यामुळे मूळ लेखकाने याला नुसता ‘कर’ म्हटले आहे ते अपुरे वाटते; ज्या समुद्रावर कोणाचीच मालकी नव्हती, तिथे तोफांच्या बळावर लादलेला हा कायदा होता. लादणारेही तो नेहमी पाळत नसत. १६१३ मध्ये सुरतेजवळ त्यांनी मुघल बादशहा जहांगीरच्या आईचे ‘रहिमी’ हे जहाज कार्ताझ असूनही पकडले. तेव्हा बादशहाने पोर्तुगीजांच्या दमणवर फौज धाडली. पुढे मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःची दस्तके चालवली, तेव्हा इंग्रजांनी ती नाकारून आंग्र्यांच्या जप्त्यांना चाचेगिरी ठरवले. प्रस्तुत संपादकाच्या मते आंग्र्यांचा अधिकार पोर्तुगीजांहून तसूभरही कमी नव्हता. उलट किनारा त्यांचा स्वतःचा होता.